लायसन्स कोडचं मिळालं, पेटंटचं कोणी दिलं?

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमची पुण्यातली छोटी कंपनी आहे. सीसीटीव्हीचं फुटेज साठवून त्यातली हालचाल शोधणारं सॉफ्टवेअर तुम्ही सोसायट्यांना आणि कारखान्यांना विकता. आत एमआयटी, बीएसडी, अपाची अशा लायसन्सखालच्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे संच) आहेत आणि व्हिडिओ दाबून छोटा करायला आणि परत उलगडायला ओपनएच२६४ आहे. आता अमेरिकेतला पहिला मोठा ग्राहक मिळतोय आणि त्याच्या कराराच्या मसुद्यात एक कलम आहे: कॉपीराइटभंगाचा किंवा पेटंटभंगाचा दावा आला तर सगळा खर्च तुमचा. तुम्ही विचारताय, सगळा कोड ओपन सोर्स (कोणीही पाहावा, वापरावा, बदलावा असा खुला) आहे, लायसन्स स्कॅन स्वच्छ आलाय, मग यात पेटंट कुठून उपटलं? जोडीला दुसरा प्रश्न असा, की हालचाल शोधणारी तुमची स्वतःची लायब्ररी ओपन सोर्स करायची आहे. ती एमआयटीखाली द्यावी की अपाचीखाली, आणि तुमचे साहेब म्हणतात तसं तिच्यावर नंतर पेटंट घेता येईल का?

मी कंपन्यांच्या कोडची लायसन्स तपासणी करते, वकिलांच्या शेजारी बसून, पण वकील म्हणून नव्हे. त्यामुळे करारावर सही करण्याआधी वकिलाला विचारायचंच. तुमचं उत्तर कोणत्या देशात विकता, किती नग विकता आणि ओपनएच२६४ नेमकं कसं बसवलंय यावर बरंच अवलंबून आहे. त्यामागचा विचार मात्र सगळीकडे सारखा आहे, तो सांगते.

लायसन्स म्हणजे कोणीतरी दिलेली परवानगी, आणि देणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढीच परवानगी तो देऊ शकतो. कॉपीराइटमध्ये यामुळे फारसं अडत नाही. कोड ज्याने लिहिला, हक्क त्याचा (किंवा त्याच्या कंपनीचा). त्याने फाइलच्या माथ्यावर एमआयटीचा मजकूर लावला की त्या फाइलपुरता विषय संपला. पेटंटचा मालक मात्र असा कोणीही असू शकतो ज्याने तो कोड ना लिहिला, ना कधी पाहिला. घराची किल्ली मालकाने आनंदाने हातात दिली, पण घराकडे जाणारी वाट तिसऱ्याच माणसाच्या शेतातून जाते, तशी गत. कोड देणारा कितीही उदार असला तरी दुसऱ्याच्या शेतातून जायची परवानगी तो देऊ शकत नाही.

कायद्याच्या भाषेत फरक असा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कोड लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणीची गरज नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या ओळींना, त्यामागच्या कल्पनेला नाही. भंग व्हायला नक्कल व्हावी लागते. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता सारखाच कोड लिहिला तर कोणीच कोणाचा भंग करत नाही. पेटंट १९७० च्या कायद्याखाली येतं. अर्ज करावा लागतो, तपासणी होते, मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तेही ज्या देशात घेतलं त्याच देशापुरतं. त्यात संरक्षण मिळतं ते कार्यपद्धतीला, मग ती तुम्ही सी मध्ये लिहा, पायथनमध्ये लिहा नाहीतर चिपमध्ये कोरा. आणि "आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही स्वतः शोधून काढलं" हा बचाव तिथे चालत नाही.

हा शेवटचा मुद्दा डेव्हलपर मंडळींच्या गळी उतरवायला सगळ्यात जड जातो. तपासणीत एखादी जीपीएलची (त्यावर बांधलेला कोडही तसाच खुला करायला लावणाऱ्या लायसन्सची) फाइल सापडली की टीम म्हणते, "काही नाही, आपण ती नव्याने लिहून काढू." कॉपीराइटसाठी हा अगदी रास्त उपाय आहे, नीट केला तर प्रश्न मिटतो. पण तीच टीम पेटंटच्या नोटिशीवर तोच उपाय सुचवते तेव्हा काहीच मिटत नाही, कारण नव्या कोडमध्ये पद्धत तीच राहते. तिथे पद्धतच बदलावी लागते, किंवा पेटंटचं लायसन्स घ्यावं लागतं, किंवा पेटंट रद्द करून घ्यावं लागतं. तिन्ही मार्ग खर्चिक आहेत.

दोन्ही हक्क एकाच भांडणात पाहायचे असतील तर अमेरिकेतला जेकबसन विरुद्ध कात्झर हा खटला पाहा. विषय ऐकून हसू येईल: खेळण्यातल्या आगगाड्या. रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि मॉडेल रेल्वे संगणकावरून चालवणारं जेएमआरआय नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते इतरांसोबत लिहीत होते. मॅथ्यू कात्झर यांच्या कंपनीकडे याच क्षेत्रातलं पेटंट होतं आणि ती या मोफत सॉफ्टवेअरवर रॉयल्टी मागू लागली. २००६ मध्ये जेकबसनच कोर्टात गेले. पुढे दुसरी बाजू उघड झाली. जेएमआरआयच्या डीकोडर डेफिनिशन नावाच्या फाइल्स, आर्टिस्टिक लायसन्स या ओपन सोर्स लायसन्सखालच्या, कात्झरच्या उत्पादनात गेल्या होत्या, आणि जाताना त्यांतली लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या सूचना गळल्या होत्या.

आता या दोन तक्रारी शेजारी ठेवून बघा. पेटंटच्या तक्रारीत कात्झरला हे दाखवायची गरजच नव्हती, की जेकबसननी त्यांचं काही पाहिलं किंवा उचललं. कॉपीराइटच्या तक्रारीत सगळी भिस्त "या फाइल्स आमच्याच आहेत" यावर होती. खालच्या कोर्टाने आधी म्हटलं, हा फार तर करारभंग. २००८ च्या ऑगस्टमध्ये फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने ते फिरवलं आणि सांगितलं की ओपन सोर्स लायसन्समधल्या अटी या खऱ्याखुऱ्या अटी आहेत, त्या मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. आज आपण ज्या खात्रीने म्हणतो, "नाव काढून टाकलंस तर अडकशील", तिला मोठा आधार या निकालाचा आहे. पेटंटवरचा दावा कात्झरने मध्येच सोडून दिला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. जेएमआरआयचं लायसन्स कितीही मोकळं असलं तरी कात्झरच्या पेटंटपुढे त्याचा काही उपयोग नव्हता, कारण ते लायसन्स कात्झरने दिलंच नव्हतं.

तुमच्या धंद्याच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे कोडेक, आवाज किंवा व्हिडिओ दाबून साठवणारा आणि परत उलगडणारा कोड. एमपी३ फाइल बनवणारं लेम हे एन्कोडर एलजीपीएलखाली (जीपीएलच्या सौम्य रूपाखाली) होतं, कोडबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण एमपी३ ची पेटंटं फ्राउनहोफर संस्थेकडे आणि तिच्या भागीदारांकडे होती, म्हणून लेमचा प्रकल्प वर्षानुवर्षं नुसता सोर्स कोड वाटत राहिला. फेडोरा लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एमपी३ वाजवायची सोय २०१६ च्या अखेरीस आणि एन्कोड करायची २०१७ मध्ये आली, फ्राउनहोफरचा लायसन्सिंग कार्यक्रम बंद झाला त्या सुमारास. इतकी वर्षं कोडची एक ओळही बेकायदा नव्हती, तरी तो फेडोराच्या सीडीवर घालता येत नव्हता.

आणि आता ओपनएच२६४. तुमच्या पत्रात हे नाव वाचलं तेव्हाच मी थांबले होते. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या मानकावर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत, ती एमपीईजी एलए नावाच्या पूलमधून (पेटंटांच्या सामायिक साठ्यातून) एकत्र लायसन्स होत, तो पूल आता व्हिया एलएकडे आहे. २०१३ मध्ये सिस्कोने आपलं एच.२६४ कोडेक बीएसडीखाली खुलं केलं आणि सोबत एक वेगळी सोय केली: सिस्कोने स्वतः बांधलेली बायनरी (कोडपासून बनवलेली, थेट चालणारी फाइल) वापरलीत तर पूलची रॉयल्टी सिस्को भरेल. फायरफॉक्स नेमकं हेच करतं, कोडेक स्वतःसोबत न देता सिस्कोच्या सर्व्हरवरून उतरवून घेतं. या सोयीला अटी आहेत. बायनरी वापरणाऱ्याच्या मशीनवर वेगळी डाउनलोड व्हायला हवी, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून चालत नाही. ती चालू-बंद करायचं बटण वापरणाऱ्याच्या हातात हवं. आणि कोडेक सिस्कोने पुरवलंय ही ओळ त्याला दिसली पाहिजे.

तोच कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून घेऊन तुम्ही स्वतः कंपाइल केलात, म्हणजे त्याची बायनरी बनवलीत, तर कॉपीराइटच्या नजरेने तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, बीएसडी तुम्हाला ते करू देतं. पण सिस्कोची रॉयल्टी तुमच्या बिल्डला लागू होत नाही. ओळ न् ओळ सारखी, आणि पेटंटच्या हिशेबात दोन वेगळ्या वस्तू! त्यामुळे उद्या सकाळी पहिलं काम करा. बिल्ड करणाऱ्या माणसाला विचारा की सर्व्हरवर आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या पॅकेजमध्ये कोणती फाइल जाते, सिस्कोची की आपली. माझा अनुभव असा, की नव्वद टक्के वेळा उत्तर "आपली, कारण तशी आर्म प्रोसेसरवर जास्त नीट चालते" असं येतं. तसं असेल तर घाबरून जाऊ नका. पूलच्या जाहीर अटींत वर्षाला पहिल्या एक लाख नगांवर रॉयल्टी नव्हती, पण लायसन्सवर सही करावी लागत होती. जुन्या मानकाची बरीच पेटंटं आता मुदत संपून गळतायत. आजच्या अटी पूलकडून लेखी मागवून घ्या. दुसरा रस्ता म्हणजे चिपमधलं किंवा ऑपरेटिंग सिस्टिममधलं कोडेक वापरणं. तिथेही रॉयल्टी भरली आहे असं गृहीत धरू नका, चिप विकणाऱ्याला विचारा. बरेच विक्रेते ती जबाबदारी शेवटची वस्तू विकणाऱ्यावर ढकलतात.

आता लायसन्सच्या मजकुराकडे वळू. एमआयटीचा मजकूर छोटा आहे, त्यात वापरा, नक्कल करा, बदला, विका असं सगळं आहे. पेटंटचा उल्लेख मात्र कुठेच नाही. "वापरा आणि विका" म्हटलं म्हणजे देणाऱ्याने स्वतःच्या पेटंटचीही मूक परवानगी दिली, असा युक्तिवाद होतो आणि माझ्या मते तो बऱ्यापैकी भक्कम आहे. पण युक्तिवाद म्हणजे तो कोर्टात करावा लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत छोट्या कंपनीचा जीव मेटाकुटीला येतो. बीएसडीचंही तसंच.

जानेवारी २००४ मध्ये आलेल्या अपाची २.० मध्ये हे दोन हक्क दोन वेगळ्या कलमांत ठेवलेत. कलम २ कॉपीराइटचं, कलम ३ पेटंटचं. कलम ३ सावकाश वाचण्यासारखं आहे. प्रत्येक कंट्रिब्यूटर (प्रकल्पाला कोड देणारा) तुम्हाला कायमचं, जगभरचं, मोफत पेटंट लायसन्स देतो. पण त्याच्या पेटंटांतल्या फक्त त्याच दाव्यांचं (क्लेम्सचं, कोर्टातल्या दाव्यांचं नव्हे), जे देण्याचा त्याला अधिकार आहे, आणि जे त्याने दिलेल्या कोडमुळे, किंवा तो कोड त्या प्रकल्पाला जोडल्यामुळे, अपरिहार्यपणे भंग होतात. म्हणजे तीन भोकं राहतात. ज्याने कोड दिलाच नाही त्याची पेटंटं यात येत नाहीत. कर्मचाऱ्याने घरी बसून स्वतःच्या नावाने पॅच पाठवला तर त्याच्या कंपनीची पेटंटं येतीलच असं नाही, म्हणून तर मोठे प्रकल्प कंपनीची वेगळी सही मागतात. आणि तुम्ही तो कोड बदलून त्यात नवी करामत घातली, तर त्या करामतीवर कोणाचं पेटंट असेल तर ती तुमची जबाबदारी.

त्याच कलमात उलटा वार करणाऱ्याला अडवायची सोय आहे. हे सॉफ्टवेअर आमच्या पेटंटचा भंग करतं असा दावा तुम्ही कोणावरही लावला, तर त्या सॉफ्टवेअरपुरतं तुम्हाला मिळालेलं पेटंट लायसन्स दावा दाखल झाला त्या दिवशी संपतं. कॉपीराइटचं लायसन्स शाबूत राहतं. इथेही दोन हक्क वेगळे चालतात, ते बघा.

ही अट किती रुंद करायची यावरून २०१७ मध्ये फेसबुकची रिअॅक्ट ही वेबपानं बांधायची लायब्ररी चांगलीच गाजली. आधी अपाची २.० खाली असलेली रिअॅक्ट २०१४ मध्ये बीएसडीखाली गेली आणि पेटंटचा मजकूर एका वेगळ्या फाइलमध्ये आला. त्यातला पेच असा होता की तुम्ही फेसबुकवर कोणत्याही पेटंटचा दावा लावला, मग त्याचा रिअॅक्टशी काडीचाही संबंध नसला, तरी तुमचं रिअॅक्टचं पेटंट लायसन्स जाणार. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत हे चालणार नाही असं ठरवलं. ऑगस्टमध्ये फेसबुकने आपली बाजू लावून धरली. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे मॅट मुलनवेग म्हणाले की आम्ही रिअॅक्टपासून दूर जाऊ. त्यानंतर काही दिवसांतच फेसबुकने रिअॅक्ट १६ एमआयटीखाली आणली. त्या वेळी बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला गंमत वेगळीच वाटली होती. जुन्या व्यवस्थेत निदान लेखी पेटंट लायसन्स होतं, जाचक अटीसह का होईना. एमआयटीवर आल्यावर अटही गेली आणि लेखी लायसन्सही गेलं. प्रत्यक्षात त्याने कोणाचं नुकसान झालेलं मला ठाऊक नाही, पण आनंद साजरा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या हे लक्षात आलं होतं कोण जाणे.

जीपीएलचं थोडक्यात. जून १९९१ च्या जीपीएल २ मध्ये पेटंटचं थेट लायसन्स नाही. कलम ७ एवढंच म्हणतं की पेटंटमुळे सगळ्यांना मोफत वाटप शक्य नसेल तर तुम्ही वाटूच नका. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये कलम ११ सविस्तर आहे, आणि त्यातला एक परिच्छेद थेट नोव्हेंबर २००६ च्या मायक्रोसॉफ्ट-नोव्हेल करारासारख्या, एकाच कंपनीच्या ग्राहकांना पेटंटच्या दाव्यांपासून अभय देणाऱ्या सौद्यांना चाप लावायला लिहिला गेला. तुमच्या कोडमध्ये जीपीएल नाही म्हणताय, तेव्हा याच्यात जास्त शिरत नाही.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: चांगलं लायसन्स तुम्हाला कोडच्या लेखकांपासून कॉपीराइटमध्ये पूर्ण आणि पेटंटमध्ये बऱ्यापैकी वाचवतं. बाहेरच्या पेटंटवाल्यापासून कोणतंच लायसन्स वाचवत नाही. ग्नोम फाउंडेशन या मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचं उदाहरण बोलकं आहे. त्यांच्या शॉटवेल या फोटो हाताळायच्या मोफत सॉफ्टवेअरवर २०१९ मध्ये रॉथशिल्ड पेटंट इमेजिंग या कंपनीने अमेरिकेत दावा लावला. त्या कंपनीने शॉटवेलला एक ओळही दिलेली नव्हती. मे २०२० मध्ये तडजोड झाली, आणि ओएसआयने (ओपन सोर्स लायसन्सना मान्यता देणाऱ्या संस्थेने) मान्य केलेल्या लायसन्सखालच्या सॉफ्टवेअरवर दावे न लावायचं समोरच्याने कबूल केलं. संस्थेने हार न मानता लढा दिला म्हणून हे झालं. एकट्या कंपनीला असं जमेलच असं नाही.

"पण भारतात सॉफ्टवेअरला पेटंटच नाही ना?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी मीटिंगमध्ये कोणीतरी विचारेलच. पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की केवळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. सगळा वाद त्या "केवळ" पाशी आहे. २०१९ च्या फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रोग्रॅमचा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर तो आपोआप बाद होत नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एरिक्सनच्या मोबाइल तंत्रज्ञानाच्या पेटंटांवरून लावा या मोबाइल कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं, आणि तिथेही अल्गोरिदमचा आक्षेप घेऊन झाला होता. तेव्हा ३(के) ही चांगली ढाल आहे, पण तिच्या भरवशावर व्हिडिओ उत्पादन विकू नये. आणि तुमचा ग्राहक अमेरिकेत आहे. तिथे वस्तू विकली, वापरली की तिथलं पेटंट लागू होतं, तुम्ही बाणेरला बसून लिहिलं तरी. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर अमूर्त कल्पनांवरची पेटंटं टिकवणं अवघड झालंय, पण व्हिडिओ कॉम्प्रेशनची पेटंटं त्या चाळणीतून सहसा गळत नाहीत.

आता करारातलं ते कलम. लायसन्स स्कॅन स्वच्छ आला म्हणता, तो फॉसॉलॉजीचा असो नाहीतर स्कॅनकोडचा, ती साधनं फाइलींमधला लायसन्सचा आणि कॉपीराइटचा मजकूर शोधतात. पेटंट कोडमध्ये लिहिलेलं नसतं, ते स्कॅनरला दिसणार कसं? म्हणून स्कॅनच्या जोरावर कॉपीराइटची हमी छातीठोक द्या. स्वतः काय लिहिलं, कुठून काय घेतलं, हे तुम्हाला ठाऊक असतं किंवा शोधता येतं. पेटंटची हमी तशी बिनशर्त देणं म्हणजे जगातल्या सगळ्या पेटंटांची जबाबदारी घेणं. मी ज्या करारांच्या तपासण्या पाहिल्यात, त्यांत छोट्या कंपन्या साधारण अशा वाटाघाटी करतात: पेटंटची हमी "आमच्या माहितीप्रमाणे" एवढीच ठेवायची, भरपाईला वर्षभराच्या बिलाशी जोडलेली कमाल मर्यादा घालायची, हमी ठरावीक देशांपुरती ठेवायची, आणि मानकांवर आधारलेले भाग व ग्राहकाने स्वतः जोडलेल्या गोष्टी वगळायच्या. ग्राहकाचा वकील पहिल्या फेरीत कपाळाला आठ्या घालतो, दुसऱ्या फेरीत मर्यादेच्या आकड्यावर बोलायला लागतो. सगळ्या कोडसाठी पेटंट शोध घ्यायच्या फंदात पडू नका, परवडणार नाही. कोडेकचा आणि हालचाल शोधण्याच्या मुख्य पद्धतीचा घ्या, पण वकिलामार्फत. अमेरिकेत जाणूनबुजून भंग केला असं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून इंजिनिअरांनी आपसात "हे बहुतेक अमक्याच्या पेटंटमध्ये येतं" असे मेल पाठवत बसू नये.

राहिली तुमची लायब्ररी. इथे क्रम महत्त्वाचा आहे. साहेब म्हणतात "आधी गिटहबवर टाकू, पेटंटचं नंतर बघू." भारतात आणि युरोपात ते चालणार नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकलेला कोड हे प्रकाशनच, आणि मग नावीन्य उरत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभराची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबणं म्हणजे बाकीच्या जगावर पाणी सोडणं. पेटंट घ्यायचंच असेल तर आधी इथे प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आणि भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज करू नये. कलम ३९ प्रमाणे पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे मोडलं तर इथला अर्जही हातचा जातो.

पेटंट घेऊन मग लायब्ररी अपाचीखाली दिली तर काय उरतं, असं साहेब विचारतील. त्या कोडच्या वापरणाऱ्यांना तुम्ही पेटंट मोफत दिलं, ते परत घेता येणार नाही. पण ज्याने तुमचा कोड न घेता तीच पद्धत स्वतः लिहिली, त्याच्यावर हक्क उरतो. तेवढ्यासाठी अर्जाचा, उत्तरांचा आणि दरवर्षीच्या फीचा खर्च करायचा का, हा धंद्याचा निर्णय आहे. माझं मत विचाराल तर, लायब्ररी लोकांनी वापरावी हा हेतू असेल तर पेटंटचा नाद सोडा. प्रकाशन केलं की दुसरा कोणी नंतर त्याच पद्धतीवर पेटंट मागायला आला तर तुमची तारीख त्याच्या आड येते, तेही फुकटात.

लायसन्स मी अपाची २.० सुचवीन. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना लेखी पेटंट लायसन्स दिसलं की त्यांचे प्रश्न निम्मे होतात. अडचण एकच: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० चा कोड जीपीएल ३ सोबत चालतो, पण फक्त जीपीएल २ खालच्या कोडसोबत नाही. तुमची लायब्ररी तशा प्रकल्पांत जावी असं वाटत असेल तर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लोकांसारखं एमआयटी किंवा अपाची, ज्याला जे हवं ते, असं दुहेरी ठेवा. सीसी० (कॉपीराइट सोडून देणारा मजकूर) मात्र कोडला लावू नका. त्यात पेटंटचे हक्क सोडलेले नाहीत असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळेच २०२२ मध्ये फेडोराने कोडसाठी ते घेणं थांबवलं.

आणि प्रकाशित करण्याआधी एक कागद तपासा. तुम्ही लिहिलंय की मूळ अल्गोरिदम एका फ्रीलान्सरने केला. नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट कायद्यानेच कंपनीकडे येतो, फ्रीलान्सरचा तसा येत नाही, लेखी हस्तांतर लागतं. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पेटंटच्या हक्काचं याहून कडक आहे: आपला पेटंट कायदा तो नोकरीतल्या माणसाकडूनही आपोआप कंपनीकडे आणत नाही, लेखी हस्तांतर लागतंच. फ्रीलान्सरसोबतचा तुमचा करार नुसत्या मेलवर झाला असेल तर आधी त्याच्याकडून दोन्ही हक्कांचं, कायमचं आणि जगभरचं हस्तांतर सही करून घ्या, आणि रिपॉझिटरी त्यानंतरच सार्वजनिक करा.